डाव्या हाताचे चार हातमोजे

खुळखुळा फरशीवर पडला आणि दुपार संपली.

एरवी संपली असती तर आईची काही तक्रार नव्हती. पण कादंबरीतल्या गुप्तहेराने नेमका त्याच क्षणी पियानोखाली हात घातला होता. कितीतरी दिवस तो गृहस्थ त्या पियानोभोवती घुटमळत होता. आता कुठे वाकला, बोटांना काहीतरी मऊ लागलं, आणि इकडे पाळण्यातून साहेबांनी खुळखुळा सोडून दिला. मग क्षणभर शांतता. तोफेची वात पेटल्यावर आणि गोळा सुटायच्या आधी असते ना, तशी. लहान मूल असलेल्या कुठल्याही बाईला ती बरोबर ओळखू येते.

मग साहेबांनी तोंड उघडलं.

"मुंगे, खूण ठेव गं," म्हणत तिने उघडं पुस्तक लेकीच्या मांडीवर टाकलं आणि ती धावली.

साहेब म्हणजे घरातलं सगळ्यांत धाकटं माणूस. अजून बसताही येत नव्हतं, पण रुबाब बड्या अधिकाऱ्याचा. ते केव्हा उठतात, केव्हा निजतात, कोणाच्या खांद्यावर काय सांडतात, याबद्दल त्यांना कोणी जाब विचारायची सोय नव्हती. मुंगी त्यांची थोरली बहीण. पाच वर्षांची, काटकुळी, आणि सदान् कदा काहीतरी उचलून इथून तिथे नेत असलेली. चमचे पलंगाखाली, मोजे फुलदाणीत, बाबाच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात. म्हणून मुंगी.

आणि या दोघांची आई विमा कंपनीत दावे तपासायची.

हे काम सोपं नाही बरं का. दुकान जळालं म्हणून रडत आलेल्या माणसाच्या मागे उभं राहून, आग लागायच्या आधी त्याने भिंतीवरचं चांगलं घड्याळ घरी कसं काय नेलं, हे ओळखायचं असतं. आणि ती ओळखायची. तिची एक पद्धत होती. समोरच्याला पाण्याचा ग्लास द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. अर्धा ग्लास पिऊन होईतो माणूस आपणहून बोलायला लागायचा. ऑफिसात तिच्या टेबलावरच्या तांब्याला सगळे टरकून असायचे.

हीच तऱ्हा घरी. रहस्यकथेतला खुनी पन्नासाव्या पानाच्या आत धरून दाखवीन, ही तिची प्रतिज्ञा होती आणि ती कधी हुकली नव्हती. लग्न झाल्यापासून तिच्या नवऱ्याने एकाही रहस्यपटाचा शेवट आश्चर्याने पाहिला नव्हता. बिचारा दिवा मालवायचा, सरसावून बसायचा, आणि शेजारून आवाज यायचा, "तो छत्रीवाला." की संपलं.

पण साहेब आल्यापासून तिच्या डोक्याचं काहीतरी बिनसलं होतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. लिफ्टमध्ये शिरून, बटण न दाबता, ती शांतपणे उभी राहायची आणि मजला का येत नाही याचा विचार करायची. एकदा तर सासूबाईंशी फोनवर बोलून झाल्यावर "आपली विश्वासू" असं म्हणून तिने फोन ठेवला. सासूबाईंनी लगेच मुलाला फोन करून, घरात सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं होतं.

आणि येत्या सोमवारी तिची रजा संपत होती. मुलांना सांभाळायला सासूबाई येणार होत्या, दुधाच्या बाटल्या उकळून ठेवायच्या होत्या, ऑफिसचे कपडे अंगात शिरतात का ते पाहायचं होतं. या सगळ्याची तिला भीती नव्हती. भीती एकाच गोष्टीची होती, आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. डोकं जर परत आलंच नाही तर? समोर माणूस धादांत खोटं बोलतोय आणि आपण मान डोलावतोय, असं झालं तर?

अशा वेळी वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी तिच्या हातात ही विटेएवढी जाड कादंबरी ठेवली. गल्लीच्या टोकाला दातांचा दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी लिहिलेली, पहिलीवहिली. रविवारी वाचकांची बैठक होती आणि स्वतः लेखक येणार होते. तुम्ही चार शब्द बोलाच, तुमच्यासारखं डोकं कोणाचं चालतं, असं ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांनी नुसतंच 'चालतं' म्हटलं. पण तिच्या काळजात ते जाऊन बसलं. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की ही आपली परीक्षा. या पुस्तकातला खुनी धरला तर डोकं शाबूत, सोमवारी ताठ मानेने कामावर जायचं. नाही धरला तर... पुढचा विचार तिने केला नाही.

मुंगीचाही एक प्रश्न याच पुस्तकाने सुटला होता. तू ऑफिसला कधी जाणार, हे मुंगी रोज विचारायची आणि सोमवार म्हणजे किती लांब, हे काही तिला उमगायचं नाही. तेव्हा आईने पुस्तक उभं धरून दाखवलं. हे बघ, एवढी पानं वाचून झाली, एवढी राहिली. पुस्तक संपलं की आई ऑफिसला जाणार. मुंगीने बोटाने दोन्हीकडची जाडी चाचपून पाहिली आणि मान डोलावली. किती शहाणपणाने समजावलं आपण, असं आईला त्या दिवशी फार वाटलं. वर मुंगीला तिने कामही देऊन टाकलं. साहेब रडले की आईने उठायचं आणि मुंगीने खूण ठेवायची. खूणही मुंगीनेच केलेली, जांभळ्या पुठ्ठ्याची पट्टी आणि तिच्यावर सहा पायांचा एक हत्ती.

पहिली शंभर पानं झरझर गेली. टेकडीवरच्या बंगल्याचा मालक मेला, बर्फाने रस्ते बंद झाले, गुप्तहेर कुडकुडत येऊन पोचला. आणि मग कादंबरीने जी बैठक मारली ती उठायलाच तयार नाही!

गुप्तहेराला पियानोखाली हातमोजा सापडायचा. काळ्या कातड्याचा, डाव्या हाताचा, करंगळीवर उसवलेला. तो "हं" म्हणायचा. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा मागायचा. स्वयंपाकीण चहा ठेवता ठेवता डोळे पुसायची आणि म्हणायची, "मी त्या रात्री भांडी घासत होते. पाण्याच्या आवाजात मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही." मग जिन्याचं वर्णन. एकेक पायरी अशी रंगवलेली, की लेखकाने त्या स्वतः पुसून काढल्या असाव्यात. तेवढ्यात खुळखुळा पडायचा. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडावं, तर प्रकरणाच्या डोक्यावर पुन्हा तेच हाताच्या पंजाचं चित्र, गुप्तहेर पुन्हा पियानोखाली, आणि पुन्हा हातमोजा.

दुसऱ्या वेळी तिला वाटलं, जोडीतला दुसरा असेल. नीट पाहिलं. हाही डावाच. तिसऱ्या वेळी ती पुस्तक छातीवर पालथं घालून छताकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी नवरा दुपट्यांच्या घड्या घालत होता. त्याने सहज विचारलं, सापडला का खुनी.

"अजून हातमोजेच सापडतायत."

"किती झाले?"

"तीन. तिन्ही डावे."

नवऱ्याने हातातलं दुपटं खाली ठेवलं, आपल्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिलं आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "दुपारची जरा झोपत जा ना गं."

मुंगी शेजारीच दुधाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली होती. तिनेही मान डोलावली. झोपत जा.

हे 'झोपत जा' तिला झोंबलं. ज्या माणसाचं काही खरं राहिलं नाही त्याला आपण म्हणतो ना, तसं होतं ते. पुस्तकात तरी काहीतरी चुकतंय किंवा आपल्या डोक्यात तरी, हे तिला कळत होतं, आणि दोन्हींतलं एक निवडायचं तर कोणीही शहाणा माणूस पुस्तकच निवडेल. तिने पुस्तक निवडलं. हा दंतवैद्य रटाळ आहे. दात उपटायला याला दोन मिनिटं लागत असतील, पण खुनी उपटायचा तर चारशे पानांची भूल देतो!

आणि मग, चौथा हातमोजा सापडला त्या दुपारी, एका हातावर साहेब आणि दुसऱ्या हातात पुस्तक अशा अवस्थेत, तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

हातमोज्यांकडे बघायचंच नाही. हातमोजे म्हणजे धूळफेक. बघायचं ते स्वयंपाकिणीकडे. चार वेळा विचारलं, चारही वेळा शब्दन् शब्द तेच उत्तर! तेच भांडी घासणं, तोच पाण्याचा आवाज, तेच 'काही म्हणता काही'. खरं बोलणारा माणूस एकच गोष्ट दोनदा सारखी सांगत नाही. एकदा भांडी म्हणेल, एकदा कढई म्हणेल. शब्दन् शब्द जुळला की समजावं, साक्ष पाठ केलेली आहे. विमा कंपनीत पहिल्या आठवड्यात तिने हे शिकून घेतलं होतं.

स्वयंपाकीण! तिने साहेबांचा पापा घेतला. डोकं शाबूत होतं. कादंबरी तेवढी भिकार होती. उरलेली पानं वाचायची तिला आता गरजच वाटली नाही.

रविवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नवरा साहेबांना छातीशी बांधून मागच्या रांगेत दाराजवळ बसला, म्हणजे वेळ आली तर पळता येईल. मुंगी बिस्किट घेऊन आईच्या खुर्चीखाली शिरली. खुर्च्या भरल्या होत्या आणि सगळे फार गोड बोलत होते. त्याला कारण होतं. सभेतल्या निम्म्या लोकांचे दात डॉक्टरांकडे अर्धवट अवस्थेत होते.

डॉक्टर अंगाने बारीक आणि स्वभावाने भिडस्त. आपण कधी लिहितो हे त्यांनी सांगितलं. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर दात बधिर व्हायला जे थोडं थांबावं लागतं, तेवढ्यात लिहितो, म्हणाले. एकेक परिच्छेद. कधी एकच वाक्य. पेशंट आ करून बसलेला असतो, मी पाठमोरा होऊन लिहितो.

 चोरून काढलेली मिनिटं म्हणजे काय, ते तिच्याइतकं त्या खोलीत दुसऱ्या कोणाला माहीत होतं? क्षणभर वाटलं, जाऊ दे, छान आहे म्हणावं आणि बसावं. पण मग सोमवारचं काय? परीक्षेला बसायचं आणि कोरा पेपर द्यायचा? ती उठली.

सुरुवात तिने मऊ केली. भाषा छान, बर्फ छान. मग म्हणाली, "फक्त वेग. डॉक्टर, रागावू नका, पण तुमच्या गुप्तहेराला तोच हातमोजा किती वेळा सापडतो? चार वेळा. आणि चारही डाव्या हाताचे. खुनी माणूस आहे की झुरळ?"

सभेत हशा पिकला. डॉक्टर हसले नाहीत. ते गोंधळले.

"हातमोजा एकदाच सापडतो बहुतेक," ते म्हणाले. आपल्याच पुस्तकाबद्दल 'बहुतेक' म्हणणारा असा लेखक विरळा.

पहिल्या रांगेत निवृत्त न्यायाधीश बसले होते. कुठल्याही सभेत पहिल्या रांगेत ते असतातच. त्यांनी काठी आपटली. बाई म्हणतात ते बरोबर आहे, चार वेळा, मी स्वतः मोजलेत, असा निकाल त्यांनी दिला. निकाल लागल्यावर मग काय! एक जण म्हणाला, हो हो, मलाही खटकलं होतं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, मला तर पाचवाही आठवतोय. साहित्याचे एक प्राध्यापक उठले आणि त्यांनी सगळ्यांनाच वेड्यात काढलं. चार हातमोजे हेच तर या कादंबरीचं मोठेपण आहे, ते म्हणाले. गुन्हा पुन्हा पुन्हा सापडतो आणि तरीही हाती लागत नाही. उजव्या हाताची अनुपस्थिती म्हणजे न्यायाची अनुपस्थिती. न्यायाधीश जरा दुखावल्यासारखे दिसले. डॉक्टर मात्र या माणसाकडून त्या माणसाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा भाव उमटत होता की आपण खरंच लिहिले असावेत चार.

इथेच ती खाली बसली असती तर सगळं निभावून गेलं असतं. पण सभा आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर खाली बसणारी माणसं निराळी.

"पण त्या हातमोज्यांनी मला फसवलं नाही," ती म्हणाली. "मी शेवट अजून वाचलेला नाही, आणि वाचायची गरजही नाही. खून स्वयंपाकिणीने केलाय. तिची साक्ष पाठ केलेली आहे. दर वेळी शब्दन् शब्द तीच."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, त्यांच्याकडे पेशंट धरतात तसा.

"ते तर..." ते अडखळले. "ते तर शेवटच्या पानावर आहे. गुप्तहेर तिला असाच पकडतो. कोर्टात ती तीच साक्ष पुन्हा देते, शब्दही न बदलता. पण तोपर्यंत ती फक्त एकदाच बोललेली असते. तुम्हाला आत्ताच कसं कळलं?"

यावर जो गलका झाला तो वाचनालयाच्या भिंतींनी पूर्वी ऐकला नसेल. शेवट फोडला! मी तीनशेव्या पानावर होतो हो, असं एक जण कळवळून म्हणाला. पाचवा हातमोजा आठवणाऱ्या बाईंनी पुस्तक धाडकन मिटलं. न्यायाधीश तर संतापाने थरथरत होते. "मी अजून सुरूसुद्धा केली नव्हती," ते ओरडले, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन एकदम पंख्याकडे पाहू लागले.

ग्रंथपालबाई शिस्तीच्या. त्यांनी तिच्या हातून पुस्तक घेतलं, जांभळ्या पट्टीपाशी उघडलं आणि पुढची पानं एकेक करून उलटली. पंजाचं चित्र एक. पियानो एक. हातमोजा एक. चहा एक. स्वयंपाकीण एकदाच डोळे पुसत होती. त्यापुढे जिना होता, आणि जिना संपल्यावर कथा अशी काही सुसाट सुटली होती की ग्रंथपालबाई क्षणभर उभ्या उभ्या वाचतच राहिल्या.

"एकच आहे हो," त्या शेवटी म्हणाल्या.

 सगळे तिच्याकडे बघत होते. ती पुस्तकाकडे बघत होती. म्हणजे पुस्तकात काही चुकलेलं नव्हतं. मग उरलं काय? दोनच तर शक्यता होत्या.

डॉक्टर उठून तिच्याजवळ आले. टोमणा मारायचा हक्क त्यांना होता, पण त्यांचे डोळे भरून आले होते. "म्हणजे ते पान तुम्ही चार वेळा वाचलंत, ताई?" ते हळूच म्हणाले. "एकदा तरी कोणी वाचेल का, अशी मला शंका होती."

ती काही बोलणार, तेवढ्यात मागून कोणीतरी पुस्तक पिशवीत कोंबत वैतागून म्हणालं, "चला, खुनी कळला, संपली कादंबरी."

त्याबरोबर तिच्या खुर्चीखालून भोकाड पसरल्याचा आवाज आला. मुंगी! बिस्किट हातातच राहिलेलं, तोंड उघडं, आणि डोळ्यांतून धारा. "संपली नाही," ती हुंदके देत ओरडत होती, "संपली नाही ती, अजून एवढी जाड आहे!" बहिणीला दाद म्हणून साहेबांनीही मागच्या रांगेतून सूर लावला. दोघांना घेऊन नवराबायको जिना उतरली. कोणाचा निरोपही घेतला नाही.

घरी येईपर्यंत साहेब नवऱ्याच्या खांद्यावर झोपले होते. मुंगीचं रडणं चालूच होतं, आता बारीक धार लागल्यासारखं. आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, चपलाही न काढता.

"मी उद्या जात नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "फोन करून रजा वाढवून मागते. एकच पान आपण चार वेळा वाचतोय हे जिला कळत नाही, त्या बाईने लोकांचे दावे काय तपासायचे? तू बरोबर म्हणत होतास. माझं डोकं राहिलेलं नाही."

त्याबरोबर मुंगीचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं.

ते थांबणं तिच्या कानाने टिपलं. नोकरीची सवय, दुसरं काय. जळालेल्या दुकानाचा मालक रडता रडता 'भरपाई' हा शब्द ऐकून असाच थांबायचा. पण तिने ते मनावर घेतलं नाही. ज्या डोक्यावर विश्वास उरला नाही, त्याचं ऐकायचं कशाला?

"तरी पण," नवरा दबक्या आवाजात म्हणाला, साहेब उठू नयेत म्हणून, "तुझ्या ऑफिसात एखादी वस्तू होती तिथे सापडली नाही, तर तुम्ही सगळ्यांत आधी काय विचारता?"

"शेवटी कोणाच्या हातात होती," तिने विचार न करता उत्तर दिलं.

मग दोघांनी एकाच वेळी मान वळवली.

मुंगी भिंतीला चिकटून उभी होती आणि फ्रिजवरच्या चुंबकाकडे अशा एकाग्रतेने बघत होती, जणू तो तिने आयुष्यात प्रथमच पाहिला.

आई उठली. तिने माठातलं पाणी ग्लासात घेतलं, मुंगीच्या हातात दिलं, समोर फरशीवर बसली आणि गप्प राहिली. मुंगी एक घोट प्यायली. दुसरा घोट प्यायली. अर्धा ग्लास झाला.

"जिथे हात आहे तिथे ठेवायचे मी," मुंगी ग्लासात तोंड ठेवूनच म्हणाली.

"तिथेच का गं?"

"मला वाचता येत नाही ना. हाताचं चित्र बघितलं की पान सापडतं."

"पण मागे का ठेवायचीस, सोन्या?"

एवढी मोठी आई, एवढ्या मोठ्या ऑफिसात जाणारी, आणि हे तिला कळू नये! मुंगीच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. "पुस्तक संपलं की तू जाणार होतीस ना," ती म्हणाली. मग, गुन्हा कबूल करताना माणूस एखादी चांगली गोष्टही सांगतो तसं, "अगदी पहिल्या पानावर नाही ठेवली कधी. तुला कळलं असतं."

खरं सांगायचं, तर आईला सगळ्यांत आधी झाला तो आनंद. डोकं शाबूत! पुस्तकही शाबूत! दिवसाढवळ्या, हाताच्या अंतरावर, रोज एक बनाव होत होता. करणाऱ्याला कारण होतं, संधी होती, आणि खूण ठेवायचं काम तर तिने स्वतःच सोपवलं होतं. असा सफाईचा हात तिने नोकरीत पाहिला नव्हता. ती हसायला लागली. हसता हसता हे हसणंच आहे की काय, ते ओळखू येईना. नवरा भिंतीकडे तोंड करून साहेबांना थोपटत राहिला. साहेब तर केव्हाचे झोपले होते.

तिने मुंगीला मांडीवर ओढलं. मग पुष्कळ बोलली. ऑफिसला जावं लागणार, पण आजी येणार. दुपारी आजीला खुळखुळा तूच उचलून द्यायचा, कारण आजीची कंबर दुखते. आणि आई रोज संध्याकाळी घरी येणार, रोज म्हणजे रोज. मुंगी ऐकत होती. आईच्या कुर्त्याचं बटण गोल गोल फिरवत होती. हे सगळं तिला पटत होतं असं नाही, पण तपासून बघायला तिची हरकत नव्हती.

मग ती उतरली. पिशवीतून जाड पुस्तक काढलं, पंजाच्या पानातली जांभळी पट्टी ओढली, आणि सहा पायांचा हत्ती सरळ धरून आईच्या हातात दिला.

"ही ऑफिसला ने," ती म्हणाली. "तिथे ठेवायला."

आईने पट्टी घेतली. तिच्या कडा चावून मऊ झाल्या होत्या.

मुंगीने आईच्या गुडघ्यावर दोन्ही कोपरं टेकली आणि तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, "ऑफिस किती पानांचं असतं, आई?"